ऑप्शनचं नाव चुकलं की जनरेटेड हेडर भलतीकडेच: पोस्टग्रेसच्या कोड-जनरेशन स्क्रिप्टमधला परत परत येणारा घोळ

मंडळी, हा घोळ आमच्या टीममध्ये दीड वर्षात चार वेळा झाला आणि चारही वेळा आम्ही तो "बिल्डचा प्रॉब्लेम" समजून सोडवला, म्हणून तो परत येत राहिला. शेवटी लक्षात आलं की बिल्डमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं, कोड जनरेट करणाऱ्या स्क्रिप्टला कमांडमधून द्यायच्या ऑप्शनची नावंच अशी होती की वाचणारा चुकणारच. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सोर्सवर किंवा त्याच्या एक्सटेन्शनवर (वरून जोडायच्या भागावर) काम करणारं कुणी असेल तर हे वाचून ठेवा. ऑप्शनची नावं इथे मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

लक्षण

आमचं पोस्टग्रेसचं एक एक्सटेन्शन आहे. त्यात सेटिंगच्या नावांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये असते, प्रत्येक नावासमोर डीफॉल्ट व्हॅल्यू, आणि एक पर्ल स्क्रिप्ट त्या यादीवरून सी चं टेबल असलेला हेडर, म्हणजे कोडमध्ये सामील करायची .एच फाइल, बनवते. यादीत नवीन नाव टाकायचं, मेक (मेकफाइलमधल्या कमांड चालवून बिल्ड करणारं टूल) चालवायचं, एवढंच काम. तर व्हायचं काय, नवीन नाव टाकलं, मेक झालं, एकही एरर नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही, एक्सटेन्शन लोड झालं, आणि ते नाव वापरलं की "असं नाव माहीत नाही" म्हणून एरर. परत मेक केलं तरी तेच. मग कुणीतरी वैतागून सगळं फोल्डर उडवून नवीन क्लोन घ्यायचं, थोडी खटपट केली की चालायचं, सगळे म्हणायचे झालं बुवा, कॅशे-बिशे असेल काहीतरी, आणि चार महिन्यांनी दुसऱ्या माणसाच्या मशीनवर परत तेच.

आम्ही प्रत्येक वेळी सी कोडमध्येच शोधत बसलो. हॅश फंक्शन तपासलं, यादीचा क्रम तपासला, एकदा तर पूर्ण दिवस डीबगर लावून लुकअपच्या फंक्शनमध्ये घालवला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार.

खरं काय होत होतं

आमची स्क्रिप्ट पोस्टग्रेसच्याच जेन_कीवर्डलिस्ट.पीएल वरून उचललेली होती. ती स्क्रिप्ट पोस्टग्रेस 12 मध्ये, म्हणजे 2019 साली आली, कीवर्डच्या यादीवरून परफेक्ट हॅश (दोन शब्द कधी न आदळणारं शोधायचं फंक्शन) बनवणारी, चांगली लिहिलेली आहे. तिच्यात `--आउटपुट` नावाचा ऑप्शन आहे आणि त्याला द्यायची असते डिरेक्टरी, फाइल नाही. फाइलचं नाव स्क्रिप्ट स्वतः ठरवते, इनपुटच्या नावात `_डी` घालून, म्हणजे केडब्ल्यूलिस्ट.एच वरून केडब्ल्यूलिस्ट_डी.एच. युसेजमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या मदतीच्या मजकुरात, स्वच्छ लिहिलंय की आउटपुट म्हणजे आउटपुट डिरेक्टरी. पण मेकफाइलमधली ओळ लिहिताना युसेज कोण उघडतं हो? समोर `--आउटपुट` दिसलं की दहातले आठ जण फाइलचं नाव देणार, कारण कंपायलरला `-ओ` दिलं की फाइलच द्यायची असते आणि हाताला तीच सवय आहे.

आमच्याकडे पण कुणीतरी तसंच फाइलचं नाव दिलं. स्क्रिप्टने त्याला डिरेक्टरी समजून पुढे स्लॅश लावला, आणि "फाइल उघडता येत नाही, अशी डिरेक्टरी नाही" असा एरर दिला. इथपर्यंत ठीक होतं, एरर आला होता. पण तो एरर वाचून कुणीतरी मेकफाइलमध्ये स्क्रिप्टच्या आधी एक एमकेडीर -पी ची ओळ टाकली, डिरेक्टरी नाहीये ना, मग बनवा. आणि तिथून खरी वाट लागली. आता बिल्डच्या फोल्डरमध्ये सेटिंग्ज_डी.एच नावाची *डिरेक्टरी* तयार व्हायला लागली आणि तिच्या आत खरा नवीन हेडर.

आता तुम्ही म्हणाल की मग कंपायलर ओरडायला हवा. तोच तर मुद्दा आहे. जीसीसी हेडर शोधताना त्या नावाची डिरेक्टरी सापडली तर तिच्याकडे दुर्लक्ष करून सर्च पाथमधल्या पुढच्या जागी बघतो. आणि पुढच्या जागी, सोर्समधल्या इन्क्लूड फोल्डरमध्ये, कधीतरी सोर्सच्या आतच बिल्ड केलं होतं तेव्हाचा जुना हेडर पडलेला होता, गिट-इग्नोरमध्ये असल्यामुळे गिट स्टेटसमध्येही दिसायचा नाही. कंपायलरने तो उचलला आणि खुशाल कंपाइल केलं. नवीन क्लोन घेतला की जुना हेडर नसायचा, मग कंपायलरला हेडर सापडायचाच नाही, मग तो माणूस मेकफाइलमध्ये आपल्यापुरतं काहीतरी ठीक करायचा, त्याच्या मशीनवर चालायचं, आणि ती दुरुस्ती कमिट करायची राहून जायची. मुळावर कुणीच गेलं नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का हे पाच मिनिटांत कळतं. आधी मेक -एन चालवा, म्हणजे कमांड चालत नाहीत, फक्त छापल्या जातात, आणि त्यात स्क्रिप्टला नेमकं काय काय दिलं जातंय ते व्हेरिएबल उलगडून दिसतं. मग ज्या .सी फाइलमध्ये शंका आहे ती जीसीसीला कॅपिटल `-एच` देऊन कंपाइल करा, तो प्रत्येक हेडर कुठल्या पाथवरून उचलला ते दाखवतो. आमचा दीड वर्षाचा प्रश्न या एका ओळीत उघडा पडला. आणि शेवटी गिट क्लीन -एनडीएक्स, म्हणजे पुसायचं नाही, काय काय पुसलं जाईल एवढं दाखवायचं. त्यात सोर्समध्ये जुने जनरेटेड हेडर दिसले की समजा, तेच.

नाव बदलणं हाच इलाज, पण नाव कसलं द्यायचं

पहिला विचार आला की युसेज नीट लिहू, विकीवर टाकू. ते करून झालं होतं, उपयोग शून्य. मेकफाइलमधली ओळ हीच लोक वाचतात, तेवढंच डॉक्युमेंटेशन. म्हणून त्या एका ओळीतल्या नावाने सांगितलं पाहिजे की पुढची व्हॅल्यू कसली आहे, डिरेक्टरी, फाइल, सी चं व्हेरिएबल, आकडा का नुसतं हो-नाही.

पोस्टग्रेसच्या स्वतःच्या सोर्समध्ये फिरलात तर ही सगळी विविधता दिसते. कॅटलॉगचा, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींचा, सुरुवातीचा डेटा बनवणाऱ्या जेनबीकेआय.पीएल आणि अंगभूत फंक्शनची टेबलं बनवणाऱ्या जेन_एफएमजीआरटॅब.पीएल मध्ये `--आउटपुट` आहे आणि तो डिरेक्टरी घेतो. क्वेरीच्या झाडातल्या नोडचा सपोर्ट कोड बनवणारी जेन_नोड_सपोर्ट.पीएल मात्र `--आउटडीर` घेते. एरर कोडच्या यादीवरून हेडर बनवणारी जनरेट-एररकोड्स.पीएल `--आउटफाइल` घेते. पीएसक्यूएल या टर्मिनलवरच्या क्लायंटची मदत बनवणारी क्रिएट_हेल्प.पीएल तर `--डॉकडीर`, `--आउटडीर` आणि `--बेसनेम` असे तीन वेगळे घेते, आणि माझ्या मते यातलं सगळ्यात वाचनीय तेच आहे, कारण कुठून वाचायचं, कुठे टाकायचं आणि फाइलचं नाव कशावरून बनवायचं या तीन गोष्टी तीन नावांत सुट्या होतात आणि स्क्रिप्ट न उघडता कळतात.

वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट आहेत, त्यांना दोष द्यायचा नाहीये. पण आपण नवीन लिहिताना निवड आपली असते. आम्ही ठरवलं की आमच्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये नुसतं `--आउटपुट` असणार नाही. डिरेक्टरी असेल तर `--आउटडीर`, फाइल असेल तर `--आउटफाइल`, आणि दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवायचे नाहीत.

हे दोन्ही एकत्र का नको, त्यात पर्लच्या गेटऑप्ट-लाँग या ऑप्शन वाचणाऱ्या मॉड्यूलची एक गंमत नसलेली गोष्ट आहे. ते मॉड्यूल डीफॉल्टने ऑप्शनचं अर्धवट नाव चालवून घेतं, अर्धवट नावावरून एकच ऑप्शन निघत असला की झालं. शिवाय लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतं आणि एक डॅश दिला तरी चालतं. म्हणजे `--आउटपुट` हा एकच असेल तर `--आउट`, `-ओ` सगळं चालतं आणि लोक तसं लिहून ठेवतात. मग एक दिवस तुम्ही `--आउटफाइल` नावाचा दुसरा ऑप्शन टाकता आणि लोकांच्या जुन्या ओळी "ऑप्शन अँबिग्युअस आहे" म्हणून फुटतात. हा तरी बरा प्रकार, निदान फुटतात. वाईट तेव्हा होतं जेव्हा तुम्ही जुना ऑप्शन काढून त्याच अक्षराने सुरू होणारा वेगळ्याच अर्थाचा नवीन टाकता, तेव्हा जुनी अर्धवट नावं गुपचूप नवीन ऑप्शनवर जाऊन बसतात. पायथॉनच्या आर्गपार्स या तशाच मॉड्यूलमध्येही अर्धवट नावं चालतात आणि तिथे 3.5 पासून अलाऊ_अब्रीव्ह फॉल्स करून ते बंद करता येतं. पर्लमध्ये गेटऑप्ट-लाँगला नो_ऑटो_अब्रीव्ह असं कॉन्फिगर करायचं. बिल्डच्या स्क्रिप्ट माणूस हाताने टाइप करत नाही, मेकफाइल करते, तिला शॉर्टकट कशाला हवाय? बंदच करा.

एका अक्षराचे ऑप्शन तर मी आता बिल्डमध्ये पूर्ण टाळतो. जेन_कीवर्डलिस्टमध्ये `-व्ही` म्हणजे व्हरनेम आहे. मी एकदा काय चाललंय ते बघायला, व्हर्बोस समजून, `-व्ही` देऊन पुढे फाइलचं नाव दिलं. त्याने फाइलचं नावच सी व्हेरिएबलचं नाव म्हणून घेतलं आणि म्हणाला "नो इनपुट फाइल". समोर फाइल दिलेली आहे आणि तो म्हणतोय फाइल नाही, पंधरा मिनिटं गेली. `--व्हरनेम` हे पूर्ण नाव मात्र छान आहे, कसलं नाव ते सांगतं. ते नुसतं `--नेम` असतं तर कशाचं नाव यावरून चार अंदाज झाले असते. `--एक्सटर्न` पण तसंच, सी लिहिणाऱ्याला शब्द वाचताच कळतं की व्हेरिएबल बाहेरून दिसणार आहे. वाचणाऱ्याच्या भाषेत आधीच असलेला शब्द मिळत असेल तर नवीन घडवू नये.

व्हॅल्यू रिकामी राहिली तर

नाव बदललं तरी निम्माच प्रश्न सुटतो. आमच्याकडे दुसऱ्यांदा जे झालं त्याचं कारण वेगळं होतं, लक्षण तेच. मेकफाइलमध्ये डिरेक्टरी एका व्हेरिएबलमध्ये होती आणि एका ब्रांचवर ते व्हेरिएबल सेटच होत नव्हतं. गेटऑप्ट-लाँगमध्ये ऑप्शनपुढे `:एस` लिहिलं तर व्हॅल्यू ऐच्छिक असते, नाही दिली तर रिकामी स्ट्रिंग मिळते. `=एस` लिहिलं तर व्हॅल्यू लागतेच. पोस्टग्रेसच्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये `:एस` आहे आणि आम्ही ते तसंच कॉपी केलं होतं. रिकामी स्ट्रिंग म्हणजे चालू डिरेक्टरी, झालं, हेडर चालू डिरेक्टरीत पडला आणि कंपायलरने परत तो जुनाच उचलला.

म्हणून ज्या ऑप्शनला व्हॅल्यूशिवाय अर्थच नाही त्याला `=एस` द्या. आणि मेकफाइलमध्ये ऑप्शन आणि व्हॅल्यू यांच्यात स्पेस न देता बरोबरचं चिन्ह लिहा, `--आउटडीर=` आणि लगेच व्हेरिएबल. स्पेस ठेवलीत आणि व्हेरिएबल रिकामं निघालं तर स्क्रिप्ट पुढचा शब्द, म्हणजे तुमची इनपुट फाइल, डिरेक्टरी म्हणून गिळते. बरोबरचं चिन्ह असेल आणि `=एस` असेल तर पर्ल स्पष्ट सांगतं की या ऑप्शनला व्हॅल्यू लागते. फक्त गेटऑप्शन्स फंक्शन फॉल्स परत करतं तेव्हा तुम्ही स्क्रिप्ट थांबवली पाहिजे, नाहीतर ते नुसती वॉर्निंग छापून पुढे जातं आणि समांतर मेकच्या पाचशे ओळींत ती वॉर्निंग कुणाला दिसणार.

जेनबीकेआयमधला `--सेट-व्हर्जन` या बाबतीत नमुना म्हणून बघण्यासारखा आहे. तो नसेल तर स्क्रिप्ट पुढे जातच नाही, आणि दिलेली व्हॅल्यू आकडा आहे का ते तपासते. तो आकडा पोस्टग्रेस.बीकेआय फाइलच्या पहिल्या ओळीत जातो आणि इनिटडीबी, म्हणजे नवीन डेटाबेस उभा करणारा प्रोग्राम, सुरू होताना ती ओळ आपल्या आवृत्तीशी ताडून बघतो, जुळली नाही तर ही फाइल या पोस्टग्रेसची नाही म्हणून तिथेच थांबतो. नावही विचार करून दिलेलं वाटतं. नुसतं `--व्हर्जन` ठेवलं असतं तर सगळ्या जगाची सवय अशी की ते दिल्यावर प्रोग्रामने स्वतःची आवृत्ती छापावी. पुढे "सेट" हे क्रियापद लागलं आणि शंका संपली.

याच स्क्रिप्टचा `--इन्क्लूड-पाथ` पण सांगतो. पोस्टग्रेस 12 च्या आधी त्याऐवजी कॅपिटल `-आय` होता. आणि पर्लला स्वतःचाही कॅपिटल `-आय` असतो, मॉड्यूल कुठे शोधायचे ते सांगायला, आणि स्क्रिप्टला लागणारं कॅटलॉग.पीएम हे मॉड्यूल सापडायला तो दिलेला असायचा. म्हणजे तेव्हा एकाच ओळीत दोन `-आय`, स्क्रिप्टच्या नावाआधीचा पर्लचा आणि नंतरचा स्क्रिप्टचा, एक शब्द इकडचा तिकडे झाला की अर्थ बदलला. 12 मध्ये गेटऑप्ट-लाँग वापरून लांब नाव दिलं ते उत्तम झालं. तरी नावात थोडी गफलत उरतेच असं मला वाटतं. कॅटलॉगचे हेडर तर स्क्रिप्टला वेगळे, शेवटी यादी करून दिलेले असतात. हा पाथ लागतो तो ॲक्सेस/ट्रान्सॅम.एच मधून ओआयडीची (डेटाबेसमधल्या वस्तूंना दिलेल्या ओळख-क्रमांकांची) हद्द कुठे सुरू होते तो आकडा वाचायला. कंपायलरच्या सवयीने कुणी इथे चार पाथ द्यायला गेलं तर चालत नाही, एकच घेतला जातो.

हो-नाहीचे ऑप्शन

इथे आमचंच उदाहरण देतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये `--स्किप-चेक` होता, यादी क्रमाने आहे का ते तपासू नको म्हणून. पर्लमध्ये ऑप्शनपुढे उद्गारचिन्ह लावलं की नो लावलेलं रूप आपोआप मिळतं, आणि कुणीतरी ते लावलं होतं. मग एका मेकफाइलमध्ये `--नो-स्किप-चेक` लिहिलेलं सापडलं. वगळू नको, म्हणजे तपास, म्हणजे डीफॉल्टच. एका मुलाने ती ओळ "नो चेक" अशी वाचली आणि तपासणी बंद आहे असं धरून यादी कशीही लिहिली. त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही.

जेन_कीवर्डलिस्टमधला `--केस-फोल्ड` बघा. नाव होकारार्थी, डीफॉल्ट चालू, बंद करायचं असेल तर `--नो-केस-फोल्ड`, एकच नकार. हा ऑप्शन लागतो कारण एसक्यूएलचे कीवर्ड लहान-मोठ्या अक्षरांत कसेही चालतात पण ईसीपीजीमध्ये, म्हणजे सी कोडमध्ये एसक्यूएल लिहू देणाऱ्या टूलमध्ये, सी भाषेचे कीवर्डही ओळखावे लागतात आणि सी मध्ये अक्षरांचा फरक पडतो, म्हणून तिथल्या सी कीवर्डच्या यादीसाठी `--नो-केस-फोल्ड` दिलेला असतो. केस-फोल्ड चालू असताना यादीतला शब्द लहान अक्षरात नसेल तर स्क्रिप्ट कुठला शब्द ते सांगून थांबते. ऑप्शनचं नाव, त्याचा परिणाम आणि त्याची तपासणी तिन्ही एका दिशेला.

आणि जिथे स्क्रिप्ट फाइली जागच्या जागी बदलते तिथे तर नाव जास्तच स्पष्ट हवं. रीनंबर_ओआयडीज.पीएल कॅटलॉगच्या फाइलींमधले ओआयडी बदलते. पॅच लिहिताना 8000 ते 9999 मधले आकडे वापरायचे आणि नंतर ते खालच्या मोकळ्या जागेत हलवायचे, त्यासाठी ती आहे. ऑप्शन आहेत `--फर्स्ट-मॅप्ड-ओआयडी`, `--लास्ट-मॅप्ड-ओआयडी` आणि `--टारगेट-ओआयडी`. लांब आहेत, पण हलवायचे कुठले आणि जायचे कुठे यात गोंधळ व्हायला जागाच नाही. इथे `--स्टार्ट`, `--एंड`, `--बेस` असते तर स्टार्ट कशाची, जुन्या रेंजची का नवीन, हे दर वेळी उघडून बघावं लागलं असतं.

नाव बदलताना

एकदम जुनं नाव काढू नका. गेटऑप्ट-लाँगमध्ये एका ऑप्शनला उभी रेघ देऊन दोन नावं देता येतात, पण आम्ही त्याऐवजी जुन्या नावाला वेगळी छोटी सबरूटीन दिली, ती व्हॅल्यू घेते आणि "आता आउटडीर वापरा" असं छापते. एक रिलीज तसं ठेवून मग काढलं.

आणि स्क्रिप्ट कुठून कुठून बोलावली जाते ते ग्रेप करून बघा, एकच जागा असेल असं धरू नका. पोस्टग्रेस 16 मध्ये मेकफाइल, नवीन आलेलं मेसन हे बिल्ड टूल आणि विंडोजसाठीच्या जुन्या पर्ल बिल्ड स्क्रिप्ट अशा तीन ठिकाणी याच जनरेटर स्क्रिप्टना ऑप्शन दिलेले होते, विंडोजवाल्या 17 मध्ये काढून टाकल्या. आमच्या एक्सटेन्शनला मेक आणि मेसन दोन्ही आहेत आणि तिसऱ्यांदा घोळ झाला तो यामुळेच, मेकफाइलमध्ये नाव बदललं आणि मेसनच्या फाइलीत अर्धवट जुनं राहिलं.

अजून एक, मेक फाइलींच्या वेळा बघतो, तुम्ही कमांडमधला ऑप्शन बदललात हे त्याला कळत नाही. म्हणून नाव किंवा व्हॅल्यू बदलली की जुने जनरेटेड हेडर हाताने पुसा, किंवा मेकफाइललाच त्या हेडरची डिपेंडन्सी बनवा म्हणजे ती बदलली की हेडर नव्याने बनतो. आम्ही दुसरं केलं. आणि स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच दोन ओळी टाकल्या, `--आउटडीर` ला दिलेली डिरेक्टरी खरंच नसेल तर थांब, आणि दिलेलं नाव .एच वर संपत असेल तर "इथे डिरेक्टरी हवी, फाइल नको" असं सांगून थांब. एमकेडीर -पी ची ती ओळ काढून टाकली.

त्याला आता सात महिने झाले, यादीत अकरा नवीन नावं गेली, दोन नवीन मुलं टीममध्ये आली. त्यातल्या एकीने पहिल्याच आठवड्यात .एच वालं नाव दिलं, स्क्रिप्टने तिला थांबवलं, तिने ओळ दुरुस्त केली आणि पुढे गेली, मला विचारायलाही आली नाही.